भाकर ताटात का राहते

गुडघा दुखायला लागला की माणूस चारचौघांत सांगतो. पारावर बसल्या बसल्या दुसऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करतो, कोणतं तेल लावता म्हणून विचारतो, पायरी चढताना देवाचं नाव घेतो. जबड्याचं तसं होत नाही. जबडा दुखणारी बाई भाकरीचे काठ सोडते, मधला मऊ भाग कोरड्यासात बुडवून खाते आणि ताट उचलून मोरीत ठेवते.

“आत्या, भाकर राहिली की.”

“ऱ्हाऊ दे माय. भूकच न्हाई.”

सून दुसऱ्या दिवशी अर्धी भाकर कमी वाढते. चार महिन्यांनी आत्याच्या दंडाला चोळी सैल होते. मग कुणी म्हणतं साखर तपासा, कुणी म्हणतं थुंकी तपासा, कुणी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकायला सांगतं. जबड्याचं नाव कुणाच्याच तोंडी येत नाही. खुद्द आत्याच्याही येत नाही, कारण तिला वाटतं दाढ दुखतेय, नाही तर कान दुखतोय. वय झालं, चालायचंच.

माकणी हे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं, तेरणेच्या काठचं, निम्न तेरणा धरणाचं गाव. या भागात ऊस आला, सोयाबीन आलं, तरी ताटातून ज्वारी हटलेली नाही. भाकर, तीही पुष्कळदा सकाळची संध्याकाळी. शेंगदाण्याची चटणी, थंडीत हुरडा, बांधावर बसून दातांनी सोललेला ऊस. जबड्याला इतकं काम देणारं खाणं असलेल्या मुलखात जबड्याच्या सांध्याचा आजार लवकर लक्षात यायला हवा. येत नाही, याचं कारण वैद्यकात कमी आणि घराच्या रीतीत जास्त आहे, असं मला वाटतं. घरातली म्हातारी माणसं सगळ्यांच्या आधी जेवतात किंवा सगळ्यांच्या नंतर. त्यांच्या ताटाकडे बघायला कुणी नसतं.

आज सकाळी चहा झाला असेल तर एवढं करून बघा. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे दोन्हीकडे एकेक बोट ठेवा आणि सावकाश तोंड उघडा, मिटा. बोटाखाली जे सरकतं तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचा गोल माथा आधी जागच्या जागी फिरतो आणि तोंड आणखी उघडलं की पुढे सरकतो. फिरणं आणि सरकणं अशी दोन्ही कामं करणारे सांधे अंगात थोडेच. माथा आणि वरचं हाड यांच्यामध्ये एक पातळ चकती असते. ती जागची हलली की कट असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पुरतं उघडत असेल तर त्यावर उपचाराची गरज नसते. अशा कटकटणाऱ्या जबड्यानं माणसं पन्नास वर्षं सुखानं जेवतात.

अडचण वेगळी आहे. सांधे दोन, उजवा आणि डावा, पण हाड एकच. जुवाला जुंपलेल्या जोडीतला एक बैल लंगडायला लागला की दुसऱ्याच्या खांद्यावर ओढ येते, तसंच इथे होतं. उजवीकडे दुखतं म्हणून माणूस डावीकडे चावतो आणि वर्षभरात डावी बाजूही बोलायला लागते. एका अंगानं चावायची सवय ज्यांना लागली आहे, त्यांनी तिचं कारण शोधावं. बहुतेकदा दुसऱ्या अंगाची दाढ पडलेली असते. पडलेली दाढ बसवायची असते, हे आपल्याकडे अजून कुणी फारसं मनावर घेत नाही. पुढचा दात पडला की लोक धावतात. मागची दाढ दिसत नाही म्हणून राहून जाते.

गावात सगळ्याच सांधेदुखीला वात म्हणायची पद्धत आहे. बोलण्यापुरतं ठीक, पण औषधाच्या वेळी ते महागात पडतं. जबड्याला धरणारे दोन मुख्य आजार आहेत आणि दोघांची वाट वेगळी. एक झिजेचा. वय, जुना मार, वर्षानुवर्षं दात आवळण्याची सवय यांनी सांध्याची गादी विरते, हाडाला काटे येतात. दुसरा आमवात. त्यात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या अस्तरावर चालून जाते, अस्तर सुजतं आणि ती सूज हाड पोखरते. बायकांना हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात होतो आणि तो म्हातारपणाची वाट बघत नाही. तिशी-चाळिशीतच गाठतो.

दोन्हींतला फरक ओळखायला सकाळ फार उपयोगाची. झिजेचा जबडा सकाळी थोडा आखडलेला असतो, चूळ भरून चहा होईपर्यंत सुटतो, आणि दिवसभर बोलून-चावून संध्याकाळी दुखायला लागतो. बहुधा एकाच बाजूला. तोंड उघडताना करकर लागते, ती हाताला कळते, कधी शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते. आमवाताचा जबडा उठल्या उठल्याच अडून बसतो. जांभई पुरी देता येत नाही, दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि हे अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त टिकतं. त्याच वेळी दोन्ही हातांच्या बोटांची पेरं सुजलेली असतात. पीठ मळता येत नाही, चोळीच्या गुंड्या लागत नाहीत, बादलीची कडी धरवत नाही. म्हणून डॉक्टरांनी ‘केव्हा दुखतं’ असं विचारलं की ‘सारखंच दुखतं’ असं उत्तर देऊ नका. उठल्यापासून किती वेळ, ते घड्याळ बघून सांगा. एक्स-रेच्या आधी तुमच्या तोंडून निघालेला तो आकडा डॉक्टरांना अर्धी वाट दाखवतो.

आमवात बहुधा हाताच्या बोटांपासून सुरू होतो आणि जबड्याकडे उशिरा पोचतो. त्यामुळे ज्या बाईचे हात आधीच दुखतात ती जबड्याची तक्रार त्याच खात्यात टाकून मोकळी होते. हे टाळायला हवं. दुर्लक्ष झालं आणि आजार बळावला तर जबड्याचा माथा झिजून बुटका होतो, हनुवटी मागे जाते, मागच्या दाढा टेकतात पण पुढचे दात एकमेकांना भेटत नाहीत. पुढच्या दातांनी शेवईसुद्धा तुटत नाही अशी अवस्था येते. हे अचानक होत नाही, वर्षं लागतात. ती सगळी वर्षं हाताशी असतात. सोरायसिस या कातडीच्या आजारात आणि पाठीचा कणा आखडणाऱ्या सांधेरोगातही जबडा धरला जाऊ शकतो. म्हणून कोपरावर किंवा डोक्यात जुने खवल्यांचे चट्टे असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा, वेगळा आजार म्हणून झाकू नका.

हा काही शहरातल्या लोकांचा आजार नव्हे. १९९६ साली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये घरोघर पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळावर चाललेल्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांवर प्रौढ माणसं त्यात पाहिली गेली. साधारण १८ टक्के लोकांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. आमवात निघाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण हजार प्रौढ माणसांच्या वस्तीत पाच जण, आणि त्या पाचांत बहुतेक बायका, असा हिशोब मांडला की चेहरे दिसायला लागतात. आकडा सगळ्या सांध्यांचा आहे, एकट्या जबड्याचा नव्हे. भिगवणही आपल्यासारखंच, भाकरी खाणारं गाव.

या पट्ट्यापुरती आणखी एक चौकशी मला आवश्यक वाटते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या, हजारो माणसं गेली. जी ढिगाऱ्यातून निघाली त्यांचे हातपाय मोडलेले, बरगड्या मोडलेल्या, घरचे गेलेले. त्या गर्दीत हनुवटीवर बसलेल्या माराकडे कोण बघणार? हनुवटीवर मार बसला की त्याचा जोर वर, कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचतो. तिथलं हाड चिरकलं तरी महिना-दीड महिन्यात तोंड चालायला लागतं आणि माणूस विसरतो. झीज पुढे कित्येक वर्षांनी डोकं वर काढते. तेव्हा विशीत असलेली माणसं आज पन्नाशीत आहेत. मोटारसायकलवरून पडलेल्यांचंही हेच. पन्नाशीतल्या माणसाचा एकाच बाजूचा जबडा दुखत असेल, तर जुन्या माराची आठवण त्यानं आपण होऊन काढावी.

आता उलट बाजू. जबडा दुखतो म्हणजे सांध्याचाच आजार, असं धरून चालू नका. दवाखान्यात येणाऱ्या जबडेदुखीत सांध्यापेक्षा स्नायूंचं दुखणं जास्त असतं. काळजीत असलेला माणूस झोपेत दात आवळतो. कर्ज, मुलीचं लग्न, पावसानं मारलेली दडी, या सगळ्याचा भार रात्री दाढांवर पडतो. सकाळी कानशिलं ठणकतात आणि माणूस डोकेदुखीची गोळी घेतो. हे दुखणं बरंचसं विश्रांतीनं आणि शेकानं उतरतं.

गावात तोंड न उघडण्याचं एक कारण तर सांध्याशी अजिबात संबंध नसलेलं आहे. गुटखा आणि सुपारी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, हा भाग निराळा. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं, ताठर होत जातं, तिखट लागताच तोंडात आग होते आणि तोंड वर्षागणिक कमी उघडतं. हा कर्करोगाच्या आधीचा टप्पा असू शकतो. पंचविशीतल्या पोराचं तोंड उघडत नसेल तर वात म्हणून तेल चोळत बसू नका, दंतवैद्याकडून तोंडाच्या आतून तपासून घ्या. ओळखायची सोपी खूण: आपलीच मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये घाला. धडधाकट माणसाचं तोंड साधारण चाळीस मिलिमीटर उघडतं आणि तीन बोटं मावतात. दोनच मावत असतील तर कारण कोणतंही असो, ते शोधायला हवं.

काही दुखणी मात्र थांबायला वेळ देत नाहीत. चालताना, चढताना, ओझं उचलताना जबड्यात कळ येते आणि थांबलं की उतरते, सोबत घाम, छातीवर दाब, धाप: हे हृदयाचं असू शकतं, बायकांत तर छातीपेक्षा जबड्यातच आधी जाणवू शकतं. पन्नाशीनंतर नव्यानंच सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना डोकं हुळहुळणं, चार घास चावले की जबडा थकणं आणि नजर अंधुक होणं: हा रक्तवाहिनीचा आजार असू शकतो. आपल्याकडे तो विरळा, पण नजर घेऊन जातो. ताप, कानापुढे लाल गरम सूज आणि तोंड बंद: सांध्यात पू असू शकतो. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा घट्ट बसत गेला तर धनुर्वाताची शंका घ्या. या चारही गोष्टींत त्याच दिवशी गाडी करायची.

बाकी दुखण्यात घाई नको, पण दिशा चुकू नये. आणि ती फार चुकते. जबड्याच्या सांध्याची कळ दाढेत उतरते, कानात जाते, कानशिलावर चढते. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली लिहून ठेवलं की कानाच्या तक्रारी घेऊन आलेल्या काही रुग्णांचं मूळ जबड्याच्या सांध्यात असतं. त्यांनी दिलेली कारणं पुढे टिकली नाहीत, निरीक्षण टिकलं. तरी आजही कानात थेंब घालणं चालूच असतं. त्याहून वाईट म्हणजे चांगली दाढ उपटून घेणं. दाढ काढली, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा कळ आली, म्हणून शेजारची काढली. ज्या दाढेला कीड नाही, जी थंड-गरमानं ठणकत नाही, जिच्यावर टिचकी मारली तर दुखत नाही, ती काढून घेण्याआधी ‘कळ सांध्याची तर नाही ना’ एवढं विचारा. चांगला दंतवैद्य या प्रश्नावर रागावत नाही.

उपचारांत पहिला उपचार स्वयंपाकघरातला. मऊ खा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पेज आणि ग्लुकोज बिस्किट येतं. त्यावर माणूस महिनाभर राहिला तर जबडा बरा होईल, पण हातपाय गळतील. आपल्या भागाला मऊ खाणं बाहेरून आणायची गरज नाही. येळवस आठवा. शेतात कडब्याची खोप करून पांडवांची पूजा होते आणि मग जे पान वाढलं जातं त्यात काय असतं? डाळीचं पीठ, तुरीचे-वाटाण्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या शिजवून केलेली भज्जी, ताकातली आंबील, गव्हाची खीर, वाफवलेले उंडे. पोटभर, ताकदीचं, आणि दाढेला त्रास न देणारं. आंबील आणि भज्जी वर्षातून एकदाच करायची असा कुणी नियम केलेला नाही. दुखणं भरात असेल त्या दोन-तीन आठवड्यांत भाकर गरम असतानाच कोरड्यासात किंवा दुधात कुस्करावी, घास लहान घ्यावा, शेंगदाणे कुटून घालावेत. हुरडा, ऊस, फुटाणे, सुपारी आणि खारीक तेवढे दिवस बाजूला. दुखणं उतरलं की हळूहळू नेहमीचं खाणं सुरू करायचं; जन्मभर पेज पीत बसलं तर चावायचे स्नायू दुबळे होतात.

दुसरा उपचार शेकाचा. कोमट पाण्यात पंचा पिळून कानापुढे दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. आखडलेल्या जबड्याला ऊब बरी वाटते. नव्या सुजेला, ठणक्याला फडक्यात गुंडाळलेला बर्फ जास्त उतार देतो. तिसरा उपचार फुकटचा आहे, म्हणून बहुधा कुणी करत नाही: जेवत नसताना दातांना दात टेकू देऊ नका. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला अलगद. दिवसभर आपण किती वेळा दात आवळून बसतो हे लक्ष ठेवलं की कळतं. जांभई येईल तेव्हा हनुवटीखाली मूठ धरा, तोंड आ वासून उघडू देऊ नका. जांभईत जबडा निसटून तोंड उघडंच राहणं ही नवी गोष्ट नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात असा जबडा शेकून अंगठ्यांनी दाबून जागी बसवायची रीत सांगितली आहे, आणि आजचे डॉक्टरही अंगठ्यांनीच बसवतात. ते काम घरी करू नका, एवढीच विनंती. जबड्याचे हलके व्यायामही असतात, ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा समजून घ्यावेत. करकर वाजवून ‘मोकळा’ करणाऱ्यांच्या हाती मान आणि जबडा देऊ नये.

गोळ्यांचं मात्र नीट समजून घ्या. साधी दुखणं मारणारी गोळी चार-आठ दिवस चालेल. महिनोन्‌महिने घेतली तर पोटात व्रण, रक्तदाब वाढणं, मूत्रपिंडावर ताण. ज्यांना आधीच साखर आणि दाब आहे त्यांनी तर दुकानदाराच्या सल्ल्यानं ती घेऊच नये. झिजेच्या दुखण्यात गोळी एवढंच करते की कळ कमी करते. आमवातात तेवढ्यानं भागत नाही. तिथे आजाराची चाल थांबवणारी औषधं लागतात. त्यातलं मेथोट्रेक्सेट हे जुनं, स्वस्त आणि कामाचं. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो, आणि अशा चुका प्रत्यक्षात घडतात. म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्या, आणि घरात वाचता येणाऱ्या माणसाला तो वार पाठ असू द्या. सोबत फोलिक ॲसिडची गोळी, ठरावीक काळानं रक्ताची तपासणी, दारू बंद. मूल हवं असलेल्या बाईनं हे औषध सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगायचं. औषधाचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात. पंधरा दिवसांत उतार नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ, आणि इथेच पुडीवाल्याचं फावतं.

पुडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. कुठल्या तरी गावी कुणी तरी वाताची पुडी देतो, तिसऱ्या दिवशी माणूस उठून चालायला लागतो, भाकर कडकडून खातो. लोक म्हणतात, हात गुणाचा आहे. हाच चमत्कार १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी पाहिला होता. आमवातानं जखडलेल्या २९ वर्षांच्या बाईला त्यांनी कॉर्टिझोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालायला लागली. हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना १९५० साली नोबेल मिळालं. पण त्याच काळात चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मन बिघडणं हे सगळंही त्यांना दिसलं, आणि हे औषध जपून, मोजून, थोड्या काळासाठी वापरायचं असतं हे जगाला कळलं. पुड्यांत पुष्कळदा कॉर्टिझोनच्याच जातीचं औषध, म्हणजे स्टेरॉइड, कुटून घातलेलं असतं, फक्त मोजमाप नसतं. दुखणं जातं, सांध्याची झीज आतून चालूच राहते. आणि चटक अशी की पुडी एकदम थांबवली तर माणूस कोसळू शकतो. म्हणून पुडी चालू असेल तर स्वतःच्या मनानं एका दिवसात बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं उतरवत आणा.

पुढचे उपचार थोडक्यात. दात आवळणाऱ्यांना रात्री दातांवर बसवायची पट्टी मिळते. ती दंतवैद्यानं माप घेऊन केलेली असावी. सांध्यात इंजेक्शन देता येतं. दोन बारीक सुया घालून सांधा सलाइननं धुवून काढायची पद्धत १९९१ पासून रूढ झाली. ती साधी आहे, मोठी चिरफाड लागत नाही. पूर्ण सांधा बदलणं हा शेवटचा मार्ग, आणि तिथवर फार थोड्यांना जावं लागतं. आमवात असलेल्या माणसाचं कोणतंही ऑपरेशन ठरलं, अगदी मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं, तरी तोंड किती उघडतं आणि मान वळते का हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. श्वासनळीत नळी घालायची वेळ आली तर त्यांना त्याची तयारी लागते.

दात घासणंही यातच येतं. बोटं सुजलेली आणि तोंड उघडत नाही, म्हणून मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचत नाही, मग मिसरी लावून भागवलं जातं. मिसरी म्हणजे तंबाखूच. हिरड्यांचा आजार आणि आमवात यांचा संबंध संशोधनातून पुढे आलेला आहे. लहान मुलाचा ब्रश घ्या, त्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करा, धरायला सोपा जातो.

जायचं कुठे? सास्तूरला भूकंपानंतर उभं राहिलेलं स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, पहिली दाखवणी तिथे होऊ शकते. पुढे धाराशिव, लातूर आणि सोलापूर इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. जबड्याच्या सांध्याला दंतवैद्य आणि फिजिशियन दोघांची नजर लागते. एकानं बघितलं आणि दुसऱ्याला कळवलंच नाही असं होऊ देऊ नका.

आणि जाताना जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला. पुडी चालू असेल तर तीही घाला. लाजू नका, डॉक्टर ओरडतील म्हणून पदरात लपवू नका. पुढचं औषध ठरवायला त्यांना ती पुडी दिसलीच पाहिजे.